कुलाब्यात जन्मले, 'इम्पिडन्स'चे गणित घडवले : आर्थर केनेली कोण होते? मोबाइल स्टार्टरमधील ५० ओहमच्या रेघेशी त्यांचा काय संबंध?

रात्री दीड वाजता थ्री-फेज वीज येते. पंप नदीकाठी, घर गावात आणि मधे उसाचे फड. कराड तालुक्यात उसात बिबट्या दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. अशा वेळी मलकापूर परिसरातील शेतकरी घरातूनच पंपाच्या पेटीतील सिमकार्डला रिंग देतो. पलीकडे मोबाइल स्टार्टर जागा होतो, मोटर आधी स्टारवर सुरू होते आणि काही सेकंदांनी डेल्टावर जाते. रेंज कमी असेल आणि पेटीने फोन उचललाच नाही, तर मात्र बॅटरी घेऊन निघावे लागते.

या एका पेटीत एकाच माणसाचे गणित दोन ठिकाणी आहे. स्टार आणि डेल्टा यांचा हिशेब त्यांचा आहे आणि आतल्या हिरव्या बोर्डावर अँटेनाकडे जाणाऱ्या तांब्याच्या रेघेचा हिशेब ज्या गणितावर उभा आहे, तेही मोठ्या प्रमाणात त्यांचे आहे. आर्थर एडविन केनेली हे त्यांचे नाव. जन्म १७ डिसेंबर १८६१, मुंबईतील कुलाबा. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत त्यांचे नाव एखाद-दुसऱ्या ओळीत येते आणि ते मुंबईत जन्मले होते हे तर फारसे कुणी सांगत नाही. त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण असे आहे की ते वगळून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते पुढे येईलच.

मल्टिमीटरला न दिसणारे ५० ओहम

आधी त्या रेघेबद्दल. मोबाइल स्टार्टरच्या बोर्डावर मोडेमची चिप असते. तिच्यापासून अँटेनाच्या जोडणीपर्यंत तांब्याची एक बारीक रेघ जाते, तिला ट्रेस म्हणतात. हा ट्रेस ५० ओहमचा ठेवा, असे मोडेमच्या माहितीपत्रकात बजावलेले असते. प्रत्यक्षात मल्टिमीटर लावला तर त्याच्या दोन टोकांमध्ये जवळपास शून्य ओहम दिसतात. मग हे ५० ओहम आहेत कुठे?

शेतातला पाट डोळ्यांसमोर आणा. दार उघडून एकदम पाणी सोडले की लाट पुढे सरकते. पाट जिथे अचानक अरुंद किंवा रुंद होतो, तिथे लाटेचा काही भाग पुढे जातो आणि काही मागे फिरतो. तांब्याच्या रेघेतही तसेच होते. १८०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलची एक लाट बोर्डावर साधारण ९ सेंटिमीटर लांबीची असते. त्यामुळे तीन-चार सेंटिमीटरची रेघ ही नुसती वायर राहत नाही, तो लाटेचा मार्ग होतो. या मार्गाला स्वतःचा असा एक आकडा असतो, ज्याला कॅरॅक्टरिस्टिक इम्पिडन्स म्हणतात. रेघ दोन सेंटिमीटर असो वा वीस, तो बदलत नाही.

हा आकडा येतो रेघेच्या दोन गुणांतून. प्रत्येक सेंटिमीटरला थोडे इंडक्टन्स असते आणि खालच्या ग्राउंडच्या थराबरोबर थोडे कपॅसिटन्स. समजा, दर सेंटिमीटरला इंडक्टन्स ३ नॅनोहेन्री आहे आणि कपॅसिटन्स १.२ पिकोफॅरड. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. एककांचा मेळ घातल्यावर भागाकार २५०० येतो, वर्गमूळ ५०. तेच हे ५० ओहम.

इम्पिडन्स हा शब्द केनेली यांचा नाही. तो १८८६ मध्ये इंग्लंडमधील ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी रूढ केला. ते पूर्वी तार ऑपरेटर होते आणि नोकरी सोडून घरी बसून संशोधन करत. तारेतून जाणारा सिग्नल ही लाट आहे, हेही त्यांनीच समीकरणांतून ठसवले. पण त्यांची मांडणी इतकी अवघड होती की कारखान्यात काम करणारा अभियंता तिच्यापासून चार हात लांबच राहिला. ती त्याच्या हातात आणून देण्याचे काम केनेली यांनी केले.

कुलाबा ते केबलचे जहाज

केनेली यांचे वडील आयरिश नौदल अधिकारी होते. आई लहानपणीच गेली, त्यानंतर वडिलांनी नौदल सोडले आणि मुलाला घेऊन ते इंग्लंडला परतले. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेज स्कूलमधील शिक्षण चौदाव्या वर्षाच्या आसपास थांबले. पुढे कोणत्याही महाविद्यालयात पदवीसाठी ते बसले नाहीत. टेलिग्राफ अभियंत्यांच्या संस्थेच्या कार्यालयात त्यांनी पोऱ्या म्हणून काम धरले. तिथे जे वाचायला मिळाले तेच त्यांचे कॉलेज.

१८७६ मध्ये ते ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीत दाखल झाले. याच कंपनीच्या जाळ्यात मुंबईहून एडनमार्गे सुएझला जाणारी आणि पुढे इंग्लंडला जोडणारी १८७० ची समुद्री तार होती. म्हणजे जन्मगाव सुटले तरी त्या गावाची तार हाती राहिली. पुढची दहा-अकरा वर्षे त्यांनी समुद्री केबलवर काढली आणि केबल दुरुस्त करणाऱ्या जहाजावर ते मुख्य इलेक्ट्रिशियन झाले.

हे काम विलक्षण आहे. केबल समुद्राच्या तळाशी, तुटली कुठे ते दिसत नाही. एका टोकाला बसून रोध मोजायचा आणि बिघाड किती मैलांवर आहे ते गणिताने काढायचे. उत्तर चुकले तर जहाज भलत्याच ठिकाणी तळ खरवडत बसणार. आकडेमोड ही शोभेची गोष्ट नाही, तिच्यावर कोळसा आणि दिवस खर्ची पडतात, हे केनेली तिथे शिकले असावेत. त्यांच्या पुढच्या सगळ्या लिखाणावर त्याची छाप आहे. सुंदर सिद्धता देऊन ते थांबत नाहीत, आकडा काढून दाखवतात.

एडिसन यांची प्रयोगशाळा आणि ती जनावरे

१८८७ च्या अखेरीस केनेली अमेरिकेत थॉमस एडिसन यांच्या वेस्ट ऑरेंज येथील नव्या प्रयोगशाळेत विद्युत विभागाचे मुख्य सहायक झाले. वय २६. तिथे त्यांच्या वाट्याला आली विजेची लढाई.

एडिसन यांचा धंदा डीसी विजेचा होता. ही वीज वीजघरापासून साधारण मैलभरच परवडत असे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांची एसी वीज ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वाढवून दूरवर नेता येत होती. बाजारात एसी पुढे सरकू लागली, तेव्हा ती माणसाला मारणारी वीज आहे, हे लोकांच्या मनावर बिंबवण्याची मोहीम सुरू झाली. हॅरॉल्ड ब्राउन नावाचा अभियंता तिचा चेहरा होता. त्याला जागा आणि उपकरणे मिळाली ती एडिसन यांच्या प्रयोगशाळेत. मदतीला देण्यात आले केनेली.

१८८८ च्या उन्हाळ्यात तिथे कुत्र्यांवर विजेचे प्रयोग झाले. ३० जुलै १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजमध्ये लोकांसमोर एका कुत्र्याला आधी डीसीचे वाढते झटके देण्यात आले आणि मग एसीने मारण्यात आले. पुढच्या कुत्र्याची पाळी आली तेव्हा प्राणिरक्षण संस्थेच्या प्रतिनिधीने प्रयोग थांबवला. डिसेंबरमध्ये वेस्ट ऑरेंजला वासरे आणि एक घोडा मारून दाखवण्यात आला. विजेने मृत्युदंड देण्याचा कायदा न्यूयॉर्क राज्यात नुकताच झाला होता आणि त्यासाठी एसीच वापरावी, असा या प्रयोगांचा रोख होता. त्या शिक्षेविरुद्ध विल्यम केमलर या कैद्याच्या वतीने अपील झाले, तेव्हा १८८९ मध्ये साक्षीला एडिसन यांच्याबरोबर केनेलीही होते. ६ ऑगस्ट १८९० रोजी केमलर याला विजेच्या खुर्चीत बसवण्यात आले. पहिल्या झटक्यात तो मेला नाही, दुसऱ्यांदा वीज सोडावी लागली.

केनेली हे त्या वेळी नोकरदार होते, मालकाच्या शब्दाबाहेर नव्हते, असे म्हणता येईल. पण मोजमापाची शिस्त असलेला माणूस सोबत होता म्हणूनच त्या तमाशाला शास्त्राचा मुलामा मिळाला, हेही तितकेच खरे. एसी असो वा डीसी, पुरेशी वीज अंगातून गेली तर माणूस मरतो, हे त्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

१८९३ : ज्या विजेविरुद्ध मोहीम, तिचेच गणित

अवघ्या पाच वर्षांत चित्र पालटले. १८९२ मध्ये एडिसन यांची कंपनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली. एसीचा विजय दिसू लागला. आणि एप्रिल १८९३ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे केनेली यांनी एक निबंध वाचला. शीर्षक एकाच शब्दाचे होते : इम्पिडन्स.

त्याआधी एसी सर्किट सोडवणे म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने डिफरन्शियल समीकरण मांडणे. साध्या रोधात व्होल्टेज आणि प्रवाह हातात हात घालून चालतात. कॉइलमध्ये प्रवाह मागे पडतो, कपॅसिटरमध्ये पुढे धावतो. ही मागे-पुढेची भानगड ओहमच्या सोप्या नियमात बसत नव्हती. केनेली यांनी दाखवले की वजा एकचे वर्गमूळ, म्हणजे काल्पनिक संख्या वापरली तर ती बसते. रोध आडव्या अक्षावर मोजायचा, कॉइल आणि कपॅसिटरचा अडथळा उभ्या अक्षावर. ३ ओहमचा रोध आणि ४ ओहमची कॉइल एकापुढे एक जोडली तर बेरीज ७ होत नाही, काटकोन त्रिकोणाचा कर्ण ५ ओहम होतो. एवढे केले की भागाकार, बेरीज, समांतर जोडणी हे सारे डीसीसारखेच चालते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोला चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी ही पद्धत आणखी व्यापक करून मांडली आणि पुढे प्रसिद्धी त्यांच्या वाट्याला अधिक आली. पण इम्पिडन्सला हे रूप देणारा निबंध आधी आला तो केनेली यांचा. कोयनेच्या वीजगृहांतून निघणारी १९६० मेगावॉट क्षमतेची एसी वीज असो वा मोबाइलची अँटेना, दोन्हींचा हिशेब आजही याच वाटेने होतो. जी वीज घातक ठरवण्यासाठी त्यांनी वासरांच्या अंगाला तारा जोडल्या जाताना मदत केली, ती जगभर वापरणे सोपे करणारे गणितही त्यांनीच दिले.

१८९४ मध्ये त्यांनी एडिसन यांची प्रयोगशाळा सोडली आणि एडविन ह्यूस्टन यांच्याबरोबर सल्लागाराचा व्यवसाय सुरू केला. १८९९ मध्ये त्यांनी त्रिकोणी जोडणी आणि तीन टोकांची चांदणी एकमेकींच्या जागी कशा बसवायच्या, याची सूत्रे प्रसिद्ध केली. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला जीव खाणारे स्टार-डेल्टा रूपांतर ते हेच. डेल्टात तीन सारखे रोध असतील तर त्यांच्या जागी बसणाऱ्या स्टारमधील प्रत्येक रोध बरोबर एक तृतीयांश असतो. हेच उलट बाजूने पाहा. तीच वाइंडिंग डेल्टाऐवजी स्टारमध्ये जोडली की लाइनमधून येणारा प्रवाह एक तृतीयांश होतो. मोठ्या पंपाची मोटर आधी स्टारवर का सुरू करतात, त्याचे उत्तर एवढेच आहे. स्टार्टर केनेली यांनी बनवला नाही, हिशेब मात्र त्यांचा.

आकाशातला आरसा

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपार बिनतारी संदेश पकडल्याचे जाहीर केले. पृथ्वी गोल, रेडिओलहरी सरळ जाणाऱ्या, मग त्या पलीकडे पोचल्या कशा? मार्च १९०२ मध्ये केनेली यांनी लिहिले की सुमारे ८० किलोमीटर उंचीवर हवेचा वीजवाहक थर असावा आणि त्यावरून लहरी परावर्तित होत असाव्यात. काही महिन्यांनी हेव्हिसाइड यांनीही स्वतंत्रपणे हेच सुचवले. १९२० च्या दशकात एडवर्ड ॲपलटन यांच्या प्रयोगांनी तो थर आहे हे सिद्ध झाले आणि केनेली-हेव्हिसाइड थर हे नाव रूढ झाले. ॲपलटन यांना १९४७ मध्ये नोबेल मिळाले. तोवर इतर दोघेही हयात नव्हते.

कॅल्क्युलेटर नव्हते तेव्हाचे कॅल्क्युलेटर

१९०२ मध्ये पदवी नसलेले केनेली हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९३० पर्यंत राहिले. मधली काही वर्षे ते एमआयटीतही शिकवत. लांब लाइनीवर व्होल्टेज आणि प्रवाह कसे बदलतात, हे काढायला हायपरबोलिक फलने लागतात, तीही काल्पनिक संख्यांची. हाताने एक गणित सोडवायला दुपार जायची. केनेली यांनी त्यांची कोष्टके तयार केली आणि १९१४ मध्ये छापली. सोबत मोठ्या आलेखांचा एक ॲटलसही. आज मोबाइलवर इम्पिडन्स कॅल्क्युलेटर उघडून चार आकडे भरणाऱ्याला त्यामागच्या कष्टाची कल्पना येणार नाही.

आकड्यांचा नाद मात्र विजेपुरता नव्हता. १९०६ मध्ये त्यांनी माणसांच्या आणि घोड्यांच्या शर्यतींचे विक्रम गोळा करून अंतर वाढले की वेळ कोणत्या प्रमाणात वाढतो, याचेही सूत्र काढले. शिक्षक म्हणून ते कडक असावेत. पुढे अमेरिकेच्या युद्धकालीन संशोधनाचे प्रमुख झालेले व्हॅनिव्हर बुश १९१६ मध्ये त्यांच्याकडे डॉक्टरेट करत होते. प्रबंध आल्यावर केनेली यांनी आणखी काम मागितले, बुश यांनी नकार दिला आणि विभागप्रमुखांनी विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. याच बुश यांनी पुढे डिफरन्शियल समीकरणे सोडवणारे यंत्र उभारले.

१९३३ मध्ये केनेली यांना वीजवहनाच्या सिद्धांतातील कामासाठी मिळालेले पदक एडिसन यांच्या नावाचे होते. १८ जून १९३९ रोजी बोस्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

रेघ किती रुंद ठेवायची?

केनेली यांच्या अखेरच्या वर्षांत लंडनमध्ये पॉल आयस्लर तांब्याच्या पातळ पत्र्यातून छापील सर्किटचे प्रयोग करत होते. बोर्डावरील रेघ आणि तिच्याखाली ग्राउंडचा थर ही मायक्रोस्ट्रिप रचना १९५२ मध्ये पुढे आली. त्यानंतर तिच्या इम्पिडन्ससाठी झटपट सूत्रे तयार झाली. सर्वाधिक वापरात असलेल्यांपैकी एक असे : बोर्डाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकात १.४१ मिळवा, वर्गमूळ काढा आणि त्याने ८७ ला भागा. दुसरीकडे, रेघ आणि ग्राउंड यांतील अंतराला ५.९८ ने गुणा, त्याला रुंदीच्या ०.८ पट अधिक तांब्याची जाडी यांच्या बेरजेने भागा आणि येईल त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या. दोन्हींचा गुणाकार म्हणजे इम्पिडन्स.

नेहमीच्या एफआर-४ बोर्डाचा स्थिरांक ४.३ धरू. पहिला भाग ३६.४ येतो. चार थरांच्या बोर्डात ग्राउंड ०.२ मिलिमीटर खाली आणि तांबे ०.०३५ मिलिमीटर जाड असेल, तर ०.३३ मिलिमीटर रुंदीला उत्तर येते सुमारे ५० ओहम. रुंदी ०.२ केली तर ६६. स्वस्तातला दोन थरांचा १.६ मिलिमीटर बोर्ड घेतला, तर ५० ओहमसाठी रेघ चक्क ३ मिलिमीटर रुंद हवी.

नवखा डिझाइनर नेमका इथे फसतो. इतर रेघा ०.२ मिलिमीटरच्या आहेत म्हणून अँटेनाचीही तेवढीच ठेवतो. दोन थरांच्या बोर्डावर तिचा इम्पिडन्स सुमारे १४२ ओहम होतो. ५० मधून १४२ ओहमच्या रेघेत शिरताना, त्या जोडावरच व्होल्टेजच्या लाटेचा जवळपास निम्मा भाग मागे फिरतो. शक्तीच्या हिशेबात साधारण चौथा हिस्सा. टेबलावर, रेंज भरपूर असताना, पेटी व्यवस्थित चालते. नदीकाठच्या खोलगट जागेत, लोखंडी पेटीत, रात्री दीडला ती फोन उचलत नाही. आणि दोष सिमकार्ड कंपनीच्या माथी जातो.

५० हाच आकडा का, तर ती तडजोड आहे. हवा भरलेल्या कोॲक्सियल केबलमध्ये जास्तीत जास्त शक्ती ३० ओहमजवळ नेता येते आणि कमीत कमी नुकसान ७७ ओहमजवळ होते. त्यांच्या मधला सोयीचा आकडा धरला गेला. यूएसबीच्या जोडरेघांना ९० आणि इथरनेटला १०० ओहम लागतात, हिशेबाची जात तीच.

सूत्राने काढलेले उत्तर अंदाजच असते. बोर्डाचा स्थिरांक पुरवठादारानुसार बदलतो, वरच्या हिरव्या लेपाने इम्पिडन्स थोडा उतरतो, तांबे झिजवताना रुंदीही घटते-वाढते. म्हणून कारखाने साधारणपणे १० टक्के इकडे-तिकडे मान्य करतात, म्हणजे ४५ ते ५५. खात्री हवी असेल तर बोर्डांच्या पॅनेलच्या कडेला त्याच रुंदीची चाचणीची पट्टी सोडली जाते. तिच्या एका टोकातून वेगवान स्पंद पाठवतात आणि परत आलेली लाट मोजून आत कुठे काय बदलले ते ओळखतात. केबलच्या जहाजावर तरुण केनेली रोध मोजून करत होते ते याच जातीचे काम. मोजणी झाली की पट्टी कापून टाकतात, स्टार्टरच्या पेटीत ती येत नाही.